अकराव्या ठोक्यानंतर

१

सकाळी साडेनऊला अंधार तपासायचा, हा तारांगणाचा जुना नियम होता. पहिला खेळ साडेदहाला असे. त्याआधी घुमटातले सगळे दिवे बंद करायचे, दारांवरच्या लाल पाट्यासुद्धा, आणि खुर्चीत मान टाकून वर बघत राहायचं. पत्र्याला कुठे सुईएवढी फट पडली असेल किंवा दाराखालून उजेडाची रेघ येत असेल, तर ती तेव्हाच सापडते. मग तिथे काळी पट्टी चिकटवून टाकायची. आकाश खोटं असलं तरी चालतं, अंधार मात्र खरा लागतो.

हे काम बापलेक मिळून करत. बाबा निवेदक होते. एकतीस वर्षं ते मधल्या टेबलाशी बसून लोकांना आकाश दाखवत आले होते, आणि तेही तोंडी, कागद न धरता. लेक तिथलीच मेकॅनिक होती. लहानपणी एकदा हट्टाला पेटली की दाराला खिटी घातल्यासारखी अडून बसायची, म्हणून बाबा तिला खिटी म्हणत. आता ती चाळिशीला टेकली होती, तारे पाडणारं ते दोन गोळ्यांचं काळं यंत्र डोळे मिटून खोलू-जोडू शकत होती, तरी खिटी ती खिटीच राहिली होती. घरात दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तपासणीच्या वेळी ते खेळाची शेवटची तीन मिनिटं चालवून बघत. सगळं आकाश उलट फिरायचं. विखुरलेले तारे जवळ जवळ येत, त्यांचे पुंजके होत, पुंजक्यांचा एक पांढरा ठिपका होई, आणि मग तो ठिपकाही विझे. खेळात या जागी कुणीतरी पोर हमखास विचारायचं, "त्याच्या आधी काय होतं?" बाबा उत्तर देत नसत. माईक बाजूला करून ते दोनदा खोकत, खक्-खक्, आणि मग बोटातली अंगठी टेबलावर आपटत अकरा ठोके देत. अकराव्या ठोक्याला खिटी नॉब फिरवायची आणि घुमटाच्या कडेने पहाट फुटायची.

"अकराच का?" तिने एकदा विचारलं होतं.

"दहाव्याला लोकांना वाटतं, आता संपलं. अकराव्याला खरे घाबरतात," बाबा म्हणाले होते.

पण हे सगळं शनिवारी संपणार होतं. सोमवारपासून नवीन यंत्र येणार होतं आणि त्यात कुणातरी गोड गळ्याच्या माणसाचा आवाज आधीच भरलेला होता. बाबांना शाल नाही, नारळ नाही, एक छापील पत्र तेवढं मिळालं होतं.

त्या आठवड्यातल्या बुधवारी नॉब अडकला. अकरावा ठोका पडला, खिटीने नॉब फिरवला, आणि तो जागचा हलेना. "थांबा हं, बाबा," असं म्हणून तिने खिशातला पेचकस काढला आणि चाचपडत स्क्रू शोधू लागली. बाबांचं बोट सवयीने चालूच राहिलं. बारा, तेरा, चौदा.

काम करता करता तिला जाणवलं की काहीतरी कमी आहे. बाबा खोकले की घुमट तो खोकला लगेच परत करायचा. तिला त्याची इतकी सवय होती की ती तो ऐकतच नसे. आज तो परत आलाच नव्हता. हवा खेळवणाऱ्या पंख्याची घरघरही थांबली होती. बाहेरच्या रस्त्याचा आवाज नव्हता. मोठ्या मैदानात मध्यरात्री उभं राहावं तसं कानांना मोकळं मोकळं वाटत होतं.

चोविसाव्या ठोक्याला खोकला परत आला. समोरून, जमिनीलगत, फार लांबून.

खक्-खक्-खक्.

त्याच क्षणी नॉब सुटला आणि पहाट झाली. नऊ मीटरवर गोल भिंत जिथल्या तिथे होती.

"तुम्ही परत खोकलात का?" खिटीने विचारलं.

"मी? छे बुवा," बाबा म्हणाले. "आणि मी कधी तीनदा खोकतो का?"

म्हणजे त्यांनीही मोजलं होतं.

२

खिटीचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तिचा तारांवर, स्क्रूंवर आणि मापांवर विश्वास होता. दुपारच्या सुट्टीत ती शिडी घेऊन घुमटाच्या मागे गेली. पत्र्यामागे हातभर पोकळी आणि तिच्यामागे विटांची भिंत, एवढंच होतं. स्पीकरच्या वायरी तपासल्या, हवेचा पाइप उघडून बघितला, त्यात धूळ निघाली आणि एक जुनं तिकीट निघालं. मग उजेडात मधोमध उभी राहून तिने टाळी वाजवली. टाळी झटक्यात परत आली.

"बाबा, जरा खोका."

"हुकमावर खोकला येत नाही." पण ते खोकले. खक्-खक्. घुमटानेही दोन दिले. "माझा खोकला दोनाचाच. तुझी आई बाजारात हरवली की घाबरायची नाही. म्हणायची, जरा उभं राहिलं की कुठून तरी ते दोन येतील, मग त्या दिशेने चालायचं."

साडेतीनच्या खेळाला शाळेची मुलं होती. बाबा नेहमीचंच बोलत होते. खिटीने ते हजारदा ऐकलं होतं, आणि हजारदा ऐकलेलं माणूस ऐकत नाही. त्या दिवशी मात्र ती कान देऊन बसली.

"पोरांनो, आकाशाला काठ आहे का? काठ असेल, तर काठाच्या पलीकडे काय? आणि काठ नसेल, तर खरी गंमत आहे. चादरीवर फुलं छापतात ना? छापायचे ठसे मोजकेच असतात. चादर पुष्कळ मोठी असली की तेच फूल पुन्हा यायलाच हवं. मग कुठंतरी लांब असंच एक तारांगण असेल, अशाच खुर्च्या असतील, आणि असाच एक म्हातारा अशाच पोरांचं डोकं खात असेल. फक्त त्याचं नाक जरा वाकडं असेल."

मुलं हसली. खिटीला हसू आलं नाही. तिला ते तीन आठवत होते.

३

गुरुवारी त्यांनी मुद्दाम नॉबला हात लावायचा नाही असं ठरवलं. बाबा शंभरापर्यंत ठोके देणार होते. खिटीने खिशात बेअरिंगची एक पोलादी गोळी ठेवली होती. खुर्च्यांच्या रांगांमधून दारापर्यंत गुळगुळीत फरशीची वाट होती. उजेडात तिने गोळी सोडून बघितली. घरंगळत गेली आणि तीन ठोक्यांत दाराच्या चौकटीवर टक् वाजली. तिने ती उचलून आणली.

मग दिवे गेले, तारे जमले, ठिपका विझला. खक्-खक्. अकरा ठोके झाले, बारावा झाला, आणि पंख्याची घरघर कुणीतरी दार लावून घ्यावं तशी बंद झाली. खिटी वाकली आणि गोळी सोडली.

गोळीचा आवाज लांब लांब जात राहिला. तीन झाले, सहा झाले, दहा झाले. टक् काही वाजलं नाही. आवाज बारीक होत होत एवढा बारीक झाला की तो ऐकू येतोय की नुसता आठवतोय, हे तिला कळेना. नऊ मीटर, ती स्वतःला सांगत राहिली, नऊ मीटर, आपणच टेप लावून मोजलेत.

साठाव्या ठोक्याच्या आसपास समोरून पुन्हा घरंगळण्याचा आवाज आला. तो वाढत गेला, जवळ आला, आणि गोळी येऊन तिच्या बुटाला लागली.

पहाट झाल्यावर तिने गोळी टेबलावर ठेवून व्हर्निअरने मोजली. बरोबर बारा मिलिमीटर. काट्यावर ठेवली, वजनही तेच. तिला एकदम हायसं वाटलं. गोळीला मशीनच्या तेलाचा वास येत होता, बोटं चिकट झाली होती. तिने ती रुमालाला पुसली आणि खिशात टाकली. आपण तेलाच्या डब्याला दोन आठवडे हात लावलेला नाही, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. माप तेच, म्हणजे वस्तू तीच. जन्मभर ती याच हिशोबाने चालली होती.

"म्हणजे गेली, आणि आली," बाबा म्हणाले.

"आली."

"धडधाकट?"

"धडधाकट."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते खिटीला मुळीच आवडलं नाही. सहलीला जायचं ठरल्यावर लहान मुलांचे चेहरे तसे होतात.

४

"मी जाऊन बघणार आहे," रात्री जेवताना बाबा म्हणाले.

खिटीचा हात ताटातच थांबला. "कुठं?"

"गोळी गेली तिथं."

"नऊ मीटरवर भिंत आहे, बाबा. डोकं फुटेल."

"फुटलं तर भिंत आहे हे तरी कळेल."

"तुमचं वय किती, गुडघे कसले, तुम्ही निघालात कुठं! मी जाते."

"तू नॉबवर हवीस. आणि प्रश्न माझा आहे." त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला. "एकतीस वर्षं मी पोरांना आकाशाच्या काठाचा प्रश्न घालतोय आणि तसाच घरी पाठवतोय. सोमवारपासून तो टेपवरचा माणूस घालेल. त्याला उत्तराशी काही देणंघेणं नाही. मला आहे. आणि रिकामा घुमट सकाळी साडेनऊलाच मिळतो, आणि आपल्याकडे आता दोनच सकाळी उरल्यात."

"आणि तुम्ही आलाच नाहीत तर?" खिटीचा आवाज चढला. "मी कुणाकडं बघायचं? मला आहे कोण दुसरं?"

बाबांनी तिच्या ताटात आणखी भात वाढला. मग मऊ आवाजात म्हणाले, "गोळी आली ना परत? तूच मोजलीस."

मोजली तिनेच होती. ती उठली, भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. बाबांचा स्वभाव तिला ठाऊक होता. तिचा हट्ट आला होता तो त्यांच्याकडूनच. आपण नाही म्हटलं तर हा माणूस एखाद्या सकाळी ठोके देता देता गुपचूप उठून चालायला लागेल, आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही.

"जायचंच असेल तर दोरी बांधून जायचं," ती शेवटी म्हणाली. "टोक माझ्या हातात. मी ओढलं की मुकाट्यानं परत. हुज्जत घालायची नाही."

"बरं, मातोश्री."

शुक्रवारी तिने शंभर मीटर नायलॉनची दोरी आणली आणि दर पाच मीटरवर चिकटपट्टीचा वेढा दिला, म्हणजे अंधारात बोटांना मोजता यावं. शुक्रवारची तपासणी त्यांनी अकरा ठोक्यांतच उरकली. दोघांनाही एक दिवस नेहमीसारखा हवा होता.

५

शनिवारी दारावरच्या मामांना तिने सांगितलं, "मी आतून कडी काढेपर्यंत कुणाला सोडायचं नाही." मामा म्हणाले, "आज शेवटचा दिवस, बापलेकींना रडून घ्यायचं असेल, घ्या."

बाबांनी ठेवणीतला राखाडी कोट घातला होता. खिटीने दोरी त्यांच्या कमरेला बांधली आणि दुसरं टोक टेबलाच्या लोखंडी पायाला. बाबांनी बोटातली अंगठी काढून तिच्या हातात दिली.

"ठोके तू दे. मला परत येताना ओळखीचा आवाज हवा. दोनदा हिसका दिला की ओढायचं."

दिवे गेले. आकाश उलट फिरलं. ठिपका विझला. बाबा खोकले, आणि तिने अकरा ठोके दिले. बाराव्याला कान मोकळे झाले. बाबांच्या बुटांचा आवाज निघाला, शिस्तीत, न अडखळता.

दोरी तिच्या डाव्या मुठीतून सरकत होती. पहिली पट्टी गेली. पाच मीटर. भिंत नवावर होती, म्हणजे दुसरी पट्टी हातातून जाणं शक्यच नव्हतं. तिने बोटं सैल ठेवली आणि ठोके देत राहिली. दुसरी पट्टी गेली. तिसरी गेली. ती मोठ्याने म्हणाली, "बाबा?" लांबून आवाज आला, "ठीक आहे गं, सपाट आहे सगळं!" तिला रडू फुटलं, पण उजवा हात थांबला नाही.

आठव्या पट्टीनंतर तिला दुसरे ठोके ऐकू आले.

टेबलावर अंगठी आपटल्याचाच आवाज, पण समोरून, खोलातून. घुमटाचा प्रतिध्वनी असेल, ती म्हणाली. उशिरा येतोय एवढंच. तरी खात्री करायची म्हणून तिने मुद्दाम एक ठोका चुकवला, हात वरच्या वर धरला.

तिकडचा ठोका पडला.

तिने दात आवळले. घाबरायचं नंतर, तिने स्वतःला बजावलं, आत्ता दोरी. अकरावी पट्टी हातात आली आणि दोरी थांबली. मग ती थरथरली, सैल पडली, इकडून तिकडे ओढली गेली, पुन्हा सैल पडली, जणू दुसऱ्या टोकाला कुणी नाहीच. साठ ठोके झाले, ऐंशी झाले. तिकडचे ठोकेही चालू होते. कुणीतरी तिकडे तिच्याइतकंच नेटाने बसलं होतं.

मग दोन हिसके आले.

तिने अंगठी मुठीत धरली आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली. टोकाला वजन होतं, चालतं वजन. पट्ट्या एकेक करून परत आल्या. अकरा, दहा, नऊ. शेवटची पट्टी आली, आणि टेबलाच्या कडेवर एक हात येऊन टेकला. ओळखीचा, सुरकुतलेला, गार.

तिने नॉब फिरवला.

६

बाबा होते. राखाडी कोट, विस्कटलेले पांढरे केस, आणि चेहऱ्यावर दहा वर्षांच्या मुलाचा आनंद. खिटीने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून पोटभर रडून घेतलं. बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत होते.

"काठ नाही, खिटी," ते म्हणाले. "काठ नाहीच. मी आता सुखानं घरी बसेन."

"काय दिसलं?"

"दिसणार काय, अंधार. पण गंमत ऐक. अर्ध्या वाटेत मी कुणावर तरी आपटलो. म्हातारा माणूस. दोघंही 'माफ करा' म्हणालो, दोघंही एकाच बाजूला सरकलो, पुन्हा आपटलो. मग हसलो दोघंही. त्याच्याही कमरेला दोरी होती, बघ. आमच्या दोऱ्यांचा असा गुंता झाला की विचारू नकोस. शेवटी दोघांनी गाठी सोडल्या, गुंता सोडवला, आपापली दोरी पुन्हा बांधली. म्हातारी बोटं, वेळ लागला. चांगला होता बिचारा."

खिटी डोळे पुसत हसली. बाहेरून मुलांचा गलका ऐकू येत होता, पंखा घरघरत होता, सगळं जागच्या जागी होतं. बाबांनी पाण्याचा शेवटचा घोट घेतला. तो त्यांच्या घशात अडकला असावा.

खक्-खक्-खक्.

घुमटाने तीन परत दिले.

खिटी हलली नाही. पाणी घशात गेलं, ती मनाशी म्हणाली, पाण्यानं कुणालाही तिसरा येईल. बाबा तिच्याकडे निरखून बघत होते. मग त्यांनी हात पुढे करून हलकेच तिच्या नाकाच्या वरच्या भागाला, दोन डोळ्यांच्या मध्ये, बोट लावलं.

"तुझा चष्मा कुठंय गं?"

"मी चष्मा लावत नाही," खिटी म्हणाली.

खिटीने खिशातून ती पोलादी गोळी काढली आणि नाकाशी धरली. पुसली होती, तरी तेलाचा वास येत होता. गोळी परत आली नव्हतीच. एक गेली होती आणि एक आली होती. आणि आपण मापं घेत बसलो.

"माझी खिटी चष्मा लावते," तो म्हातारा हळूच म्हणाला. त्याचा आनंद कुठच्या कुठे गेला होता. "पाचवीपासून. ती तिकडं बसली असेल. अंधारात."

"नाही," खिटी म्हणाली. "तिनं आता दिवा लावला असेल. आणि माझे बाबा तिच्यासमोर बसले असतील." ती उठली आणि रुमालाने खसाखसा चेहरा पुसला. तिला भीती वाटत होती, पण काय करायचं ते तिला स्पष्ट दिसत होतं. "दम लागलाय?"

"लागला असला तरी चालेल. तू दोरी आण."

दारावर थाप पडली. मामा ओरडले, "ताई, पोरं रांगेत उभी आहेत! सोडू का?"

"नाही!" खिटी ओरडली. "पहिला खेळ उशिरा आहे!"

७

या वेळी तिने गाठ स्वतःच्या पद्धतीने बांधली, वर काळी पट्टी गुंडाळली. मग थांबून पट्टी पुन्हा सोडली, कारण तिकडे गाठ सुटणं गरजेचं होतं.

"तिकडून येणारा भेटला की या वेळी सौजन्य दाखवत बसायचं नाही," ती त्यांना समजावत होती. "सरळ विचारायचं, खोकला कितीचा? दोनाचा म्हणाला, तर ही दोरी त्याच्या कमरेला. त्याची तुमच्या. बाकी गप्पा नाहीत."

"तीपण त्याला हेच सांगत असेल," म्हातारा म्हणाला. "ती तुझ्यासारखीच आहे. जळूसारखी चिकट." त्याचे डोळे भरून आले होते. खिटीचेही आले. त्याने जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात इतका बाबांचा होता की तिने तो क्षणभर धरून ठेवला. मग सोडला.

दिवे. आकाश. ठिपका. तीन खोकले. अकरा ठोके, आणि बारावा.

दोरी निघाली. समोरचे ठोके लगेच सुरू झाले, जणू तीही तिथे हात उगारून वाट बघत होती. खिटीला एकदम धीर आला. दोघी आहोत, तिला वाटलं, दोघींनी धरलंय, काय बिशाद आहे कुणाची. दहावी पट्टी गेली. अकरावीला दोरी थांबली, थरथरली, सैल पडली. खिटी ठोके देत राहिली. शंभर. दीडशे. अंगठीने टेबलाचा रंग उडत होता.

तेव्हा तिला वाटलं की समोरचे ठोके एकाच्या जागी दोन ऐकू येतायत. मग डावीकडूनही. तिने मान वळवली नाही. डावीकडे खुर्च्यांची दुसरी रांग होती, भिंत होती, मोजलेली. पाठीमागूनही एक येत होता, अगदी पुसट, पण नेटका.

दोन हिसके.

ती ओढू लागली. नऊ. आठ. सात. पावलं जवळ आली, धाप ऐकू आली, टेबलावर हात टेकला. तिने नॉबला हात घातला, पण फिरवला नाही. आधी ऐकायचं होतं.

"खोका," ती म्हणाली.

खक्.

ती थांबली. दुसऱ्यासाठी तिने श्वाससुद्धा घेतला नाही. आयुष्यात कधी कशाची बघितली नव्हती एवढी वाट तिने त्या दुसऱ्या खोकल्याची बघितली. समोरचा माणूस घसा साफ करून स्वस्थ उभा होता. त्याचा खोकला एकाचाच होता.

तिने पहाट केली. राखाडी कोट, पांढरे केस, तेच डोळे. तो तिच्याकडे बघत होता आणि त्यालाही कळलं होतं.

"तिथं फार गर्दी आहे गं," तो म्हणाला. "अंधारात सगळे उभे आहेत. सगळे एकमेकांना माफ करा, माफ करा म्हणतायत."

चादरीवर एकच फूल दोनदाच कोण छापतं? बाबांनी एकतीस वर्षं तेच सांगितलं होतं आणि तिने नीट ऐकलं नव्हतं. तिने टेबलाची कड धरली. रडायला आता वेळ नव्हता. त्या गर्दीत कुठेतरी एक म्हातारा उभा असेल, दोनदा खोकत. आईला तो बाजारात सापडायचा. जरा उभं राहायचं, कान द्यायचा, आणि ते दोन येतील त्या दिशेने चालायचं, एवढंच.

बाहेर मामा पुन्हा दार वाजवत होते. मुलं कंटाळून एका सुरात ओरडायला लागली होती.

"बसा," खिटी त्या माणसाला म्हणाली आणि पेला भरून त्याच्या पुढे ठेवला. "पाणी प्या. दम घ्या. तुमची मुलगी वाट बघत असेल."

मग तिने खाली वाकून दोरी गोळा केली, पट्ट्या मोजून घेतल्या, आणि त्याच्या कमरेला नवी गाठ बांधली.